आईनं घेतलेलं नाव

तेर, नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप दादांना,

तुम्ही जाऊन वर्ष झालं, तरी मनातलं सांगायला अजून तुम्हीच लागता.

तुमच्या मागं आईला मिळायची पेन्शन अडकलीच होती. दर खेपेला कचेरीच्या खिडकीवरून एकच उत्तर, "साहेब न्हाईत, सोमवारी या." आज साहेब भेटले. मान वर न करता त्यांनी आईला विचारलं, "मयत नवऱ्याचं नाव?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं.

"तुम्ही नका बोलू, बाई. ओळख त्यांची पटवायचीय. त्या बोलल्या न्हाईत तर अर्ज परत."

उभ्या जन्मात तिनं तुमचं नाव घेतलं नव्हतं. तिच्या नुसत्या 'अवं'वर तुम्ही वळून पाहायचात. रांगेतून कुणी म्हणालं, "घ्या की आजी, आता कोण रागावणार हाय?"

आईनं पदर सारखा केला. "आबाराव."

"मोठ्यानं."

"आबाराव," ती म्हणाली. तुम्ही शाळेच्या ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत बसलाय आणि ती जेवायला हाक मारतेय, अशी.

शिक्का बसला. मी त्या माणसाशी भांडायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही. कारण एसटीत आई म्हणाली, "एवढं सोपं व्हतं व्हय गं? ते असताना एकदा तरी नावानं हाक मारायची व्हती."

आत्ता ती भाकरी थापतेय आणि हळू आवाजात तुमचं नाव घेतेय. मला ऐकू येत नाही, असं तिला वाटतंय. मी मधलं दार लोटून घेतलंय.

तुमची,
रत्नमाला