माधवनगरचं पिल्लू

६ जानेवारी, सोमवार
निर्णय पक्का. कुत्रा घ्यायचा. लॅब्रॅडॉर, पिवळा. सोबतीसाठी वगैरे नव्हे, सिक्युरिटी म्हणून. चोरण्यासारखं घरात काही नाही, पण चोराला ते कुठे माहीत? शिवाय निमिषला लहानपणी कुत्रा हवा होता. पुण्याहून येईल तेव्हा खूश होईल. (तो आता अडतीसचा.) आमची ही, पद्मा, असती तर केसांचं कारण काढून नको म्हणाली असती. आता विचारायला कुणी नाही. निर्णय पटापट होतात.

९ जानेवारी
नेटवर वाचलं. ब्रीडर जबाबदार हवा. पिल्लाची आई दाखवणारा, लसी देणारा, आठ आठवड्यांआधी पिल्लू न विकणारा. उलटतपासणी घेणार. पाटबंधारे खात्यात मी भल्याभल्या ठेकेदारांना घाम फोडला आहे. एकाला तरी.

१२ जानेवारी, रविवार
वाईहून दोन एसट्या बदलून आष्टा. पानपट्टीमागे लालासाहेब नावाचे गृहस्थ. पिल्लाची आई कुठे, विचारलं. म्हणाले, आवं साहेब, पिल्लू न्यायचंय का त्येची आई? लय प्युअर हाय, डोळं झाकून न्या. पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं. नकार दिला. ठामपणे. त्याआधी थोडा वेळ मांडीवर घेतलं होतं, तपासणीसाठी.

१४ जानेवारी
परवाच्या शर्टाला पिल्लाचा वास येतो. अजून धुतला नाही. पाण्याचं प्रेशर कमी आहे.

१७ जानेवारी
माधवनगरच्या विजयमालाताईंचा नंबर मिळाला. नवरा फौजेत. घरची एकच कुत्री, राणी. मोजक्याच विणी, कागद चोख. मी प्रश्न विचारणार तोच त्यांनी सुरुवात केली. घरात कोण कोण असतंय? म्हटलं, मुलगा, सून, नातू. हे तिघेही आहेत. कुठे आहेत ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, समद्यांना बघितल्याबिगर पिल्लू देत न्हाई मी. साताऱ्यात बहीण आहे, तिच्याकडून दोन तारखेला येणार.

१८ जानेवारी
निमिषला फोन. दोन तारखेला तिघेही या म्हटलं. बाबा, कुत्रा? तुम्ही? असं म्हणून बराच हसला. मग म्हणाला, बघतो. म्हणजे येतोय.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ
निमिषला जमत नाही. नातवाची स्केटिंगची स्पर्धा. म्हटलं, काही हरकत नाही, मीही कामात आहे.
वरच्या मजल्यावरच्या दिग्विजयला गाठलं. भाडेकरू आहे, मुलगा गुणी. उद्या अर्धा तास माझा मुलगा होशील का? म्हणाला, काका, मला ॲक्टिंग जमत नाही. बायको क्रांती म्हणाली, अहो, नुसता चहा प्यायचाय. हे काही खोटं नव्हे. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणतात, तसंच. तालीम घेतली. काका नाही, बाबा म्हणायचं.

२ फेब्रुवारी, रविवार
ताई आल्या. सोबत राणी. तिला बघताच दिग्विजय पाय वर घेऊन सोफ्यावर बसला. क्रांतीने आतून विचारलं, काका, साखर कुठंय हो? ताई म्हणाल्या, सूनबाई नवीन दिसत्यात.
राणी घरभर हिंडून आली आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपली. जड असते हनुवटी. पाय हलवला नाही.
निघताना ताई दारात थांबल्या. आवं काका, एकटा हाय, दिवसभर घरी असतो, एवढं बोलला असता तर पिल्लू काखंतच घिऊन आले असते. नोकरीवाली माणसं कोंडून जात्यात पिल्लाला. पर खोटं बोलणाऱ्याच्या घरात न्हाई द्यायची मी.
बाई तत्त्वाच्या आहेत. तसंही लॅब्रॅडॉर केस फार गाळतो.

२० फेब्रुवारी
दुपारी ताईंचा फोन. एक पिल्लू राहिलंय. म्हणाल्या, राणी अनोळखी माणसाजवळ अशी झोपत न्हाई. ते डोक्यातनं जाईना माझ्या. आता खरं बोला काका, घरी तुमी एकटंच हाय न्हवं? नुसतं व्हय म्हणा, रविवारी पिल्लू घिऊन येते.
एका शब्दाचं काम होतं. टीव्हीचा आवाज कमी केला, तर घर एकदम इतकं शांत झालं की वाटलं, ते त्यांनाही ऐकू जाईल. पुन्हा वाढवला.
म्हणालो, छे हो, एकटा कसला. माणसांची ये-जा असते. निमिष येतोच आहे शनिवारी.
पलीकडे पिल्लू कुंई कुंई करत होतं. मग ताई बरं म्हणाल्या, आणि फोन कट झाला.
आमच्या भागात रेंजचा प्रॉब्लेम आहेच. लावतील परत.