दोन टेबले, एक फोन

प्रति,
मा. उपमहाव्यवस्थापक (प्रशासन व ऊर्जा बचत),
मैत्रबंध सर्वसाधारण विमा कंपनी,
मुख्य कार्यालय, पुणे.

मार्फत : विभागीय व्यवस्थापक, जयपूर. (हा टप्पा मुद्दाम गाळला आहे. कारण परिच्छेद ३ मध्ये.)

अर्जदार : प्रभाकर गोविंद वैराळे, सहायक प्रशासकीय अधिकारी, दावे विभाग, बनी पार्क, जयपूर.

विषय : टेबलावरचा स्वतंत्र फोन परत मिळण्याबाबत, ते शक्य नसल्यास शेवटच्या परिच्छेदातील पर्यायी विनंतीबाबत.

संदर्भ : कार्यालयीन फोनच्या वीजबचतीविषयी आपले परिपत्रक, व त्यावर खुद्द अर्जदाराने सुचविलेली ‘दोन टेबले, एक फोन’ ही योजना.

महोदया,

१. अर्जदार मूळचा अकोल्याचा असून बदलीने जयपुरात आला तो इथलाच झाला. शास्त्री नगरमध्ये तो सपत्नीक राहतो. मुलगी अबोली नोकरीनिमित्त बंगळुरूला गेल्यापासून घरात दोघेच. दावे विभागात ग्राहकांची कागदपत्रे असल्याने मोबाइल दाराजवळच्या कपाटात ठेवूनच आत यावे लागते. त्यामुळे घरचा निरोप टेबलावरच्या फोनवर येतो. अर्जदाराची पत्नी सौ. सुधा दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकदा फोन करते. दिवसाकाठी तेवढाच एक फोन अर्जदाराच्या नावाने येतो, हे आपण कृपया लक्षात ठेवावे.

२. आपल्या परिपत्रकात इंटरनेटवर चालणाऱ्या फोनची वीज कशी वाचवावी याबद्दल सूचना मागविल्या होत्या. आमच्या संगणक विभागातील निलय या तरुणाने समजावून सांगितले की हा फोन नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेतो, त्याला भिंतीवर बटण नसते. संध्याकाळी घरी जाणारा माणूस पंखा बंद करतो, दिवा बंद करतो, फोन मात्र रात्रभर जागाच राहतो. शिवाय फोनवर कोणी बोलले काय आणि न बोलले काय, वीज तो जवळजवळ तितकीच खातो. त्यावर रात्री सगळे फोन आपोआप बंद करण्याची सोय निलयने केली व त्याचे कौतुक झाले. तेव्हा अर्जदाराने त्यापुढची सूचना केली, की शेजारच्या दोन टेबलांत मिळून एकच फोन ठेवावा व तो फिरत्या दांडीवर बसवावा, म्हणजे निम्मे फोन कायमचे काढता येतील. या सूचनेचे श्रेय अद्याप अर्जदाराच्या नावे नोंदलेले नाही, ते नोंदले जावे.

सूचनेमागचा हेतू वीजबचत हाच होता. तथापि हेतू आणखीही एक होता, आणि तो लपविण्यात आता अर्थ नाही. शेजारच्या टेबलावरील श्री. वसंतराव खातू यांच्याकडे रंगीत पडद्याचा मोठा फोन होता. तो सारखा वाजत असे, आणि वाजला की वसंतराव खुर्ची मागे टेकवून असे काही ‘बोला’ म्हणत, की अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड होई. रंगीत पडद्याला वीज जास्त लागते, सबब तोच फोन जाईल, असा अर्जदाराचा हिशेब होता. सूचना तपासणाऱ्या समितीने मात्र जास्त वाजणारा फोन ठेवला व न वाजणारा काढला. म्हणजे अर्जदाराचा.

३. तेव्हापासून अर्जदार वसंतरावांचा टेलिफोन ऑपरेटर झाला आहे. जो तो ‘खातूजी हैं?’ असेच विचारतो. वसंतराव चहाला गेले की त्यांचे निरोप अर्जदाराने घ्यायचे, आणि ते परत आले की दांडी त्यांच्याकडे फिरवून द्यायची. एकदा ती दांडी फिरविताना विभागीय व्यवस्थापक राठौडसाहेबांच्या चहाच्या कपाला लागली. त्याही वेळी ओरडा अर्जदारालाच बसला. तोंडी तक्रार केली असता राठौडसाहेब म्हणाले, ‘वैराळेजी, फोन तो आपका भी है न!’ आणि हे त्यांनी वसंतरावांना हसत हसत सांगितलेसुद्धा. हा अर्ज त्यांच्यामार्फत न पाठविण्याचे कारण एवढेच.

४. इथवरचे सर्व अर्जदाराने गिळले असते. परंतु सौ. सुधाचा फोनही आता वसंतराव उचलतात. त्यांचा हात लांब आहे व फोन त्यांच्या बाजूला झुकतो. सुधा माहेरची चिपळूणची, वसंतराव गुहागरचे. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले : ‘काय वहिनी, आज काय केलंत?’ त्यावर पलीकडून काय उत्तर येते ते अर्जदाराला ऐकू येत नाही. फक्त वसंतरावांचे ‘काय सांगता!’, ‘मग, नारळ मिळाला की नाही?’ आणि ‘अहो, इथल्या लोकांना कुळथाची पिठी काय कळणार!’ एवढे ऐकू येते. नंतर हसणे ऐकू येते. तेही दोघांचे, कारण सुधाचे हसणे फोनबाहेर येण्याइतके मोठे असते. घरी ते इतके मोठे नसते. मग दांडी फिरते, आणि अर्जदाराच्या कानात पडते ते असे : ‘येताना कोथिंबीर आणा. ठेवते.’

सबब अर्जदाराला मत्सर वाटतो, असे याद्वारे स्पष्टपणे नमूद करण्यात येत आहे. वसंतराव विधुर आहेत, सज्जन आहेत, त्यांच्या मनात काही नाही, हे अर्जदारास मान्य आहे. ते मान्य असूनही पोटात दुखायचे ते दुखतेच.

५. स्वतंत्र फोन दिल्याने जी वीज जादा जाईल ती भरून काढण्यास अर्जदार तयार आहे. ऐन जूनमध्ये डोक्यावरचा पंखा दुपारभर बंद ठेवण्यास त्याची हरकत नाही. जयपूरचा जून मुख्य कार्यालयाला ठाऊक नसल्यास कोणासही विचारावे. टेबलावरची ट्यूबलाइट काढून न्यावी, खिडकीच्या उजेडात काम होईल. विजेच्या किटलीतल्या चहावर अर्जदाराने आजपासूनच पाणी सोडले आहे. फोन साध्या पडद्याचा चालेल. पडदा नसला तरी चालेल. तो दुपारी जेवणाच्या सुट्टीतच चालू ठेवून एरवी बंद करावा. तशी सोय होते, हे निलयकडून खात्री करून घेतले आहे.

६. याच आठवड्यात असे घडले, की पुतण्याच्या लग्नासाठी वसंतराव रजेवर कोकणात गेले व फोन एकट्या अर्जदाराकडे आला. सोमवारी तो वाजताच अर्जदाराने पहिल्याच घंटेला उचलला. सुधा म्हणाली, ‘वसंतराव नाहीत?’ रजेवर गेल्याचे सांगितले. ‘बरं. दही आणा.’ एवढ्यावर फोन संपला. अर्जदाराच्या तोंडात मारल्यासारखे झाले.

मंगळवारी त्याने मनाचा हिय्या करून वसंतरावांचेच वाक्य वापरले : ‘आज काय केलंस?’ पलीकडून उलट प्रश्न आला : ‘अहो, बरं आहे ना तुम्हाला?’

बुधवारी अर्जदाराने तेच पुन्हा विचारले. या वेळी ती बोलली. नारळासाठी ती भर उन्हात स्टेशनच्या बाजूला जाऊन आली होती, तो फोडल्यावर खराब निघाला, दुकानदाराशी ती हिंदीतून भांडली व बदलून आणला. मधेच म्हणाली, ‘अबोली गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं हो. म्हणून जाते काहीतरी निमित्त काढून.’ हे वसंतरावांना ठाऊक होते. अर्जदाराला नव्हते. रंगीत पडद्याचाही त्याला कधी एवढा हेवा वाटला नव्हता.

गुरुवारी अर्जदाराने तिला दांडीची व राठौडसाहेबांच्या चहाची हकीकत सांगितली. ती हसली. फोनबाहेर ऐकू जाईल इतपत. समोरच्या टेबलावरच्या विभाताईंनी मान वर करून पाहिले, याची साक्ष त्या देतील. आज शुक्रवारी तिचा फोन रोजच्यापेक्षा लवकर आला, आणि तिने वसंतरावांचे नाव काढले नाही. कोथिंबिरीचेही काढले नाही.

७. वसंतराव सोमवारी सकाळी रुजू होत आहेत. येताना ‘वहिनींसाठी’ आमसुले आणणार असल्याचे त्यांनी कार्यालयाच्या ग्रुपवर सर्वांसमक्ष कळविले आहे. सबब विनंती, की स्वतंत्र फोनची मंजुरी सोमवारपूर्वी मिळावी. न बोलणारा फोनही तितकीच वीज खातो हे सिद्ध झालेले असल्याने, अर्जदाराच्या बोलण्याने कंपनीवर जादा बोजा पडणार नाही.

मंजुरीस वेळ लागणार असल्यास पर्यायी विनंती अशी, की श्री. वसंतराव खातू यांची रजा, त्यांनी मागितलेली नसली तरी, निदान एक आठवडा वाढवून द्यावी. आमसुले त्यांनी टपालाने पाठवावीत, खर्च अर्जदार देईल. नवरा-बायकोचे बोलणे आत्ता कुठे सुरू झाले आहे.

आपल्या उत्तराची व त्याहून अधिक सोमवारची धास्ती घेतलेला,
आपला नम्र,
(सही)
प्र. गो. वैराळे
जयपूर, दि. ६ जून २०२५

सोबत :
१. पंखा बंद ठेवण्याविषयी हमीपत्र.
२. निलय यांचे फोनच्या वीजवापरावरील टिपण.
३. वसंतराव खातू यांच्या रजावाढीचा अर्ज. (मजकूर अर्जदाराच्या हस्ताक्षरात. वसंतरावांची सही तेवढी बाकी.)