बॅझिल केलरची एकतीस कामं

अल ऐन,
१४ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
सदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उपेंद्रच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये अकरा दिवस पडून होतं. इथे अमिरातीत पोस्टमन दारात येत नाही आणि माझा मुलगा पेटी उघडायला विसरतो. पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुला दिसत नाहीत, तेव्हा आपल्या दोघा म्हाताऱ्यांना पोस्टच बरं.

माझी तब्येत ठीक आहे. सकाळी खजुरीच्या बागेत एक फेरी होते, उन्हं वर आली की घरी. सूनबाई अर्चना शाळेत शिकवून येईपर्यंत मी आणि टीव्ही.

आता मुख्य गोष्ट. आपल्या नातीला, मिहिकाला, युनिव्हर्सिटीत एक प्रोजेक्ट आहे: जुन्या हॉलिवूडच्या सिनेमांत अरब माणसं कशी दाखवली. म्हणून ती दुपारी हॉलमध्ये जुने इंग्रजी सिनेमे लावते आणि मी शेजारी बसून पेंगतो. मंगळवारी तिची मैत्रीण शहरबानू आली होती. ती इथलीच, अरबी तिला उत्तम येतं. पडद्यावर वाळवंट होतं, आणि एक म्हातारा उंटवाला बसलेल्या उंटिणीला काहीतरी पुटपुटत होता. शहरबानू हसायला लागली. म्हणाली, हे अरबी नाहीच, याला तोंडाला येईल ते बोल म्हणून सांगितलेलं दिसतंय. मिहिकानं तो तुकडा पुन्हा लावला. माझे डोळे मिटलेलेच होते, पण कानांनी ऐकलं.

अक्का, तो मालवणीत बोलत होता. "उठ गो कावेरी, घराक जावचा आसा."

मी पाच वेळा लावायला सांगितलं. आधी हसूच आलं. म्हटलं अक्काला कळवतो, अमेरिकेत तुझ्या नावाची उंटीण आहे. मग त्या माणसानं तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं. दाढी खोटी होती. कान खोटे नव्हते. ते माझे कान आहेत. उपेंद्रचेही तसेच आहेत.

सिनेमा १९५३ सालचा. तात्या १९४८ साली बोटीवर तापानं गेले असं आईनं आपल्याला सांगितलं. मी तेव्हा सहा वर्षांचा, मला वडिलांचा चेहराही आठवत नाही. तू बारा वर्षांची होतीस. तुला काय वाटतं ते कळव.

मुग्धाला आशीर्वाद. तुझी वाट पाहणारा,
सदा


कुडाळ,
६ फेब्रुवारी २०२४

चि. सदास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे काजूला मोहोर चांगला आलाय, पण मधे दोन दिवस मळभ होतं, त्यामुळे काय होतंय बघायचं. मुग्धानं मला नवं कानाचं यंत्र आणून दिलं. ते शिट्ट्या मारतं. मी ते काढून डब्यात ठेवलंय. नातसून रागावते, पण तिचं रागावणंही मला ऐकू येत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

तू लिहिलंस त्याबद्दल. आपल्या भागातले कितीतरी लोक त्या काळी बोटींवर गेले. त्यांतला कोणी सिनेमात शिरला असेल. कावेरी नावाच्या बायका काय थोड्या आहेत? आणि असले कान आपल्या अर्ध्या तालुक्याला आहेत. तुला प्रेशर आहे, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. मिहिकाला म्हणावं, पोरी, अभ्यासाचं बघ.

गरम कपडे घालून फिरायला जात जा. सुखरूप राहा, एवढंच मागणं.
अक्का


अल ऐन,
२५ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
सदाचा नमस्कार.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू बोटी लिहिल्यास, कान लिहिलेस, तालुका लिहिलास. ते तात्या नाहीत, एवढं एक वाक्य मात्र तू लिहिलं नाहीस. लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही. तू नुसती विषय बदलतेस.

मिहिकानं शोधून काढलंय. त्याचं तिथलं नाव बॅझिल केलर. भास्कर केळुसकरचं तेच होणार. १९४९ ते १९६३ या चौदा वर्षांत एकतीस सिनेमे, त्यांतल्या चारांतच नाव पडद्यावर आलंय. बाकीच्यांत तो हॉटेलातला वेटर आहे, थडग्याचा रखवालदार आहे, गारुडी आहे, चिनी धोबीसुद्धा आहे. एका ठिकाणी सुलतानाचं जेवण आधी चाखून बघणारा नोकर आहे आणि दुसऱ्याच मिनिटाला विष चढून मरतो. मिहिका म्हणते, "आजोबा, ही डाइज अ लॉट," म्हणजे हा सारखा मरतो. म्हणाली आणि मग माझ्याकडे बघून तिनं घाईनं यादी बाजूला ठेवली. तिला वाटलं, मला लागलं. लागलं होतंच.

परवा उपेंद्रला सांगून मी इथल्या उंटांच्या बाजारात जाऊन आलो. कशाला ते मलाही सांगता येत नाही. कमरुद्दीन नावाचा पठाण तिथे उंट सांभाळतो. त्याला मी हिंदीत विचारलं की उंटाला उठवताना काय बोलतात. तो म्हणाला, काहीही बोला, जनावर भाषा ऐकत नाही, आवाज ऐकतं. मग त्यानं एका उंटिणीच्या मानेवर हात ठेवून तिला उठवून दाखवलं. सिनेमातला माणूस अगदी तसाच हात ठेवतो. केळूसच्या माणसाला हे कुणी शिकवलं असेल?

अक्का, आठव्या वर्षापासून मी या माणसाचं श्राद्ध घातलं. पिंडाला कावळा शिवेना म्हणून एका वर्षी आई अंगणात रडत उभी होती, ते मला आठवतंय. तेव्हा हा माणूस जिवंत होता. मी ब्याऐंशीचा झालो. आता मला कुणी जपायची गरज नाही. काय ते लिही.

उत्तराची वाट बघतो.
सदा


कुडाळ,
२० मार्च २०२४

चि. सदास आशीर्वाद.

लिहिते. एका बैठकीत जमलं नाही, तीन दिवस लागले.

तात्यांना मी १९५७ साली पाहिलं. लग्न होऊन मी कोल्हापुरात होते. ह्यांनी हौसेनं मला इंग्रजी सिनेमाला नेलं. भाषा कळत नव्हती, नुसतं बघत होते. एका मोठ्या हॉटेलात हीरो बसलेला, आणि एक वेटर ट्रे घेऊन येतो. डाव्या हातावर टॉवेल, ट्रे खांद्याच्या वर. बोटीवरनं सुट्टीला आले की तात्या आम्हाला तसाच चहा आणून द्यायचे, आई हसायची. तू तेव्हा मांडीवर होतास. हीरो त्यांच्याकडे बघतही नाही. ते वाकतात आणि जातात. सगळं अर्ध्या मिनिटाचं. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला काही कळलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढचे तीन दिवस मी अंबाबाईला जाते सांगून त्या सिनेमाला जात होते. त्यातलं ते अर्धं मिनिट बघायचं आणि उठून यायचं.

दिवाळीला माहेरी आले तेव्हा आईला सांगितलं. मला वाटलं ती कोसळेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. तिला ठाऊक होतं. ४८ साली तात्या गेल्याची तार आली असं तिनं सगळ्यांना सांगितलं, ती तार नव्हती, तात्यांचं पत्र होतं. मी आता परत येणार नाही, माझी वाट बघू नकोस, एवढंच त्यात होतं. आईनं ते चुलीत घातलं, आरशासमोर जाऊन स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या आणि मग बाहेर येऊन हंबरडा फोडला. गाव गोळा झालं. ती मला म्हणाली, "टाकलेल्या बाईच्या पोरांना लोक हसतात, विधवेच्या पोरांना निदान जेवायला घालतात." तुला रत्नागिरीच्या वसतिगृहात घेतलं ते वडील नसलेला मुलगा म्हणून. तिथे राहून तू शिकलास. तुला कळलं तर तू वसतिगृह सोडून येशील, अशी तिला धास्ती होती. माझ्याकडून तिनं देवासमोर शपथ घेतली.

ती ६२ साली गेली तेव्हा शपथ सुटली असं मी धरू शकत होते. धरलं नाही. आधी तुझी नोकरी, मग तुझं लग्न, मग मुलं, कधी सांगायचं? आणि नंतर नंतर तर मलाच वाटायला लागलं की तात्या खरंच बोटीवर गेले.

एक विचारते. मला ऐकू येत नाही, म्हणून विचारते. त्या उंटिणीला हाक मारताना त्यांचा आवाज कसा होता? चिडलेला होता का?

रागावला असशील तर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.
तुझी अक्का


अल ऐन,
३० एप्रिल २०२४

ती. आत्यांना अर्चनाचा नमस्कार.

बाबांचं पत्र नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल, म्हणून मीच लिहितेय. तुमचं पत्र वाचल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. प्रेशर खूप वाढलं, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. आता घरी आहेत, गोळ्या वेळेवर घेतात. घाबरू नका.

पण ते बोलत नाहीत. सकाळचं फिरणंही सोडलंय. मिहिकाला एकतीसपैकी एकोणीस सिनेमे मिळाले. ते रोज एक बघतात, पडदे ओढून. तात्या आले की थांबवायला सांगतात, जवळ जाऊन बघतात, आणि मग उरलेला सिनेमा बघतच नाहीत. एका सिनेमात ते हॉटेलच्या दारावर उभे आहेत आणि कोणीतरी गोरा माणूस त्यांच्या थोबाडीत मारतो. बघणारे हसावेत म्हणूनच तो प्रसंग घातलाय. बाबा उठून आत गेले, दार लावून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर आले आणि मिहिकाला म्हणाले की हा पुन्हा लावायचा नाही. तेवढंच बोलले.

उपेंद्र मला म्हणतो, इन्शाल्ला, होईल सगळं ठीक. पण त्याचाही चेहरा उतरलाय. तुमच्यावर बाबांचा राग आहे असं मला वाटत नाही. तुमचं पत्र ते उशाशी ठेवतात.

प्रकृतीला जपा. आमच्यावरची माया अशीच असू द्या.
अर्चना


अल ऐन,
२ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
सदाचा शि. सा. न. वि. वि.

पाच महिने हात चालला नाही, क्षमा कर. तुझ्यावर रागावलो होतो. मग हिशेब केला की तू हे एकविसाव्या वर्षापासून एकटीनं वागवलंस, आणि मी त्या काळात वसतिगृहात क्रिकेट खेळत होतो. राग तिथेच संपला.

तू आवाजाबद्दल विचारलंस. चिडलेला नव्हता. जरा अनुनासिक आहे, मला सर्दी झाल्यावर होतो तसा. शाळेला उशीर होतोय म्हणून लेकीला उठवावं, पण तिला आणखी थोडं झोपू द्यावं असंही मनात असावं, तसा तो बोलतो. "गो" थोडा लांबवतो. इतर सिनेमांत दोन-चार इंग्रजी शब्द आहेत, पण तो आवाज शिकवलेला वाटतो. हा एवढाच खरा.

आता दुसरी गोष्ट. मिहिकानं तिथल्या एका सरकारी कचेरीला ईमेल केला होता. उत्तर आलं. तात्या ११ मार्च १९६४ ला एका सार्वजनिक दवाखान्यात गेले. न्यायला कोणी आलं नाही, सरकारनंच पुरलं. मृत्यूच्या दाखल्यावर धंदा अभिनेता लिहिलाय. आणि त्याखाली: विवाहित, पत्नी भागीरथी, भारतात.

अक्का, ६४. आई ६२ साली गेली. म्हणजे ती गेली तेव्हा नवरा जिवंत होता. आई सवाष्ण गेली. आपण तिला पांढऱ्या लुगड्यात, कोऱ्या कपाळानं नेलं. मीच अग्नी दिला.

म्हणून ठरवलंय की या पितृपक्षात अविधवा नवमीला आईचं श्राद्ध करायचं. वडील गेल्यावर ही नवमी करत नाहीत असं काही जण म्हणतात, पण मला ती एकदाच करायची आहे. अर्चनाच्या शाळेतल्या एका मराठी बाईंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलंय. हिरवी साडी आणली. तुझ्याकडे आईचा फोटो आहे, तेवढा एकच. त्या दिवशी तू त्याला कुंकू लाव. हे तूच करायला हवं.

एवढं माझं ऐक. 
तुझा सदा


कुडाळ,
३ ऑक्टोबर २०२४

चि. सदास अनेक आशीर्वाद.

तुझी नवमी नीट पार पडली असेल. त्या बाई पोटभर जेवल्या असतील, साडी त्यांना आवडली असेल. तू केलंस ते बरं केलंस. तुझ्या हातून आईचं सगळं पांढऱ्यातच झालं होतं, तुला हे हवं होतं.

मी काय केलं ते सांगते. मुग्धाकडून फोटो खाली काढवून घेतला, काच पुसली. करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं. आई त्या फोटोत चाळीस-बेचाळीसची असेल, माझी लेक शोभावी अशी दिसते आता. बोट काचेपर्यंत नेलं आणि थांबले. मुग्धाला वाटलं मला चक्कर आली.

सदा, मला ते लावता आलं नाही. त्या माणसानं परक्या दवाखान्यात कुणाला तरी आईचं नाव सांगितलं, हे वाचून मी रडले, खोटं कशाला बोलू. पण आईनं आपलं कुंकू आरशासमोर उभं राहून स्वतः पुसलं होतं. आयुष्यात बाकी सगळं तिच्यावर येऊन पडलं, तिनं स्वतःहून ठरवलेली ती एक गोष्ट. त्या गोष्टीच्या जोरावर तिनं दोन पोरं वाढवली. मी आता वरून रंग दिला असता तर तिनं माझा हात धरला असता.

म्हणून फोटो होता तसाच परत भिंतीवर लावला. बोटावरचं कुंकू कुठे पुसावं सुचेना, माझ्याच पदराला पुसलं. लुगडं पांढरं, डाग उठून दिसतो. मुग्धा धुवायला मागत होती. मी दिलं नाही.

तुझं म्हणणं मोडलं म्हणून रुसू नकोस. पत्र पाठवत जा.
अक्का