पटक्याचं टोक

पलटणीची छावणी, श्रावण १९४२

शहापूर मुक्कामी सौ. बायाक्का हिला कल्लाप्पाचे लांबून आशीर्वाद. मी खुशाल हाय. जेवण पोटभर मिळतंय, भाकरी तेवढी न्हाय.

तुझं पत्र पोचलं. आपला शामू तीन वर्सांचा झाला तरी माझ्या जुन्या पटक्याचं टोक चोखल्याबिगर झोपत न्हाय, म्हणून टोकाला कडुलिंब लावणार म्हणतीस. तेवढं करू नको गं. घरात माझं म्हणून त्याच्या तोंडी तेवढंच हाय, ते कडू नको.

त्यापरीस रोज निजताना त्याच्याच हातानं एकेक सूत ओढू दे. विणकराचं पोर हाय, गंमत वाटंल. टोक कमी होईल तशी सवयबी सुटंल. रडला तर माझ्या आईला थोपटू दे. तिचा खोकला कसा हाय?

माग बंद पडला असंल, पण मागाच्या फणीत ओवलेली जुनी सुतं कुणाला कापू देऊ नको. नवा ताणा, उभी सुतं, त्यांनाच सांधायचा असतो. शामूनं ओढलेलं शेवटचं सूत त्यांच्यातच बांधून ठेव. मी आलो की तिथनंच सुरू करंन.

आप्पा कधी येणार म्हणून त्यानं इचारलं, तर ते सूत दाखव.

तुझा,
कल्लाप्पा