ते दहिवर नव्हतं

माय, तुला लिहायचं मी सकाळपासून टाळतो आहे. आधी चहा प्यायलो, मग उगाच स्टँडपर्यंत जाऊन आलो, मग एका माणसाला त्याच्या खुर्चीचा पाय का वाकला ते समजावत बसलो. गावोगाव गाडीवर प्लास्टिकच्या खुर्च्या विकतो मी, त्यामुळं कुठंही गेलो तरी नजर आधी खुर्चीवरच जाते. असो. यवतमाळच्या दवाखान्यात, बाळांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो आहे. आत तुझी नात काचेच्या पेटीत आहे. वेळेच्या फार आधी आली.

तुझी सून नळावर धुणं धूत होती. साडी ओली झाली, तिला वाटलं नळाचंच पाणी. उठून उभी राहिली तरी पाणी थांबेना. "अवो, हे धुन्याचं पानी नाही," ती म्हणाली. मी खुर्च्या अंगणात तशाच टाकून ऑटो आणला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्याची पिशवी वेळेआधी फुटली. ती फुटली की बाळापर्यंत जंतू पोचायला वाट मोकळी होते, जितका वेळ घरी काढाल तितकी भीती जास्त. लगेच आणलंत ते बरं केलंत. तरी फुप्फुसं कच्ची आहेत, आत्ताच काही सांगता येत नाही.

मी आत्याला फोन लावला, धीर देईल म्हणून. ती म्हणाली, "अरे, तुह्या मायचंही असंच गेलतं पानी. वावरात. म्या म्हटलं, वहिनी, हे काही दहिवर नाही. तं मले म्हणे, गप राय, वेचनी होऊ दे."

"मंग दावं?" मी विचारलं.

"कोनतं दावं?"

तिला आठवायला वेळ लागला. मग म्हणाली, "हां, ते. आता लोकाइले काही तं सांगा लागते ना बापू."

मी पहिलीत होतो तेव्हा. शाळा बुडवून तुझ्यामागं वावरात यायचो. तू कपाशीच्या ओळीत शिरतेस, कमरेला कापसाची ओटी बांधलेली, पोट त्याहून मोठं. झाडांवरच्या दहिवरानं सगळ्या बायांची लुगडी भिजलेली असतात. ऊन चढतं, सगळ्यांची वाळतात. तुझं वाळत नाही. मी विचारतो, "माय, तू अजून ओलीच काहून?" तू ओटी पुढं ओढून घेतेस. "दहिवर आहे रे," म्हणतेस. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी कुठून येणार दहिवर? पण तू म्हणालीस म्हणून मी मानलं.

मग बहीण झाली. आवाज अगदी बारीक. तिनं दूध ओढणं सोडलं, अंग थंड पडत गेलं, आणि ती गेली. बाया भेटायला आल्या तेव्हा तू म्हणालीस, "यानं वासराचं दावं दारात आडवं टाकलं, अन् म्या ओलांडलं." पोटुशीनं दावं ओलांडलं की बाळ जगत नाही, असं सगळ्याच म्हणायच्या. बायांनी माझ्याकडं पाहिलं. तू नाही पाहिलंस.

तुला भीती वाटली असेल, समजतं मला. बाया तुलाच बोलल्या असत्या. पण तू ते माझ्या गळ्यात बांधलंस आणि सोडलं नाहीस. काविळीत पडून होतीस तेव्हा मी दिवसभर उशाशी बसायचो. घरात दुसरं कोणी नसायचं. तेव्हा सांगता आलं असतं. तू पाणी मागितलंस, गोधडी मागितलीस, आणि गेलीस. मी सातवीतून शाळा सोडली, मग गाव सोडलं. अजून खुर्च्यांची दोरी सोडली की आधी गुंडाळून उंच टांगतो, मग गिऱ्हाइकाशी बोलतो. बायको हसते. तिला कारण कधी सांगितलं नाही. ती नळावरून उठली तेव्हाही माझे डोळे आधी अंगणात दोरी शोधत होते, माय. तिच्याकडं मी नंतर पाहिलं.

आता नर्स बाहेर आली होती. म्हणाली, श्वास अजून नळीवरच आहे, पण बोट धरलं तर धरून ठेवते.

हे कागद कुठं पाठवणार? खिशातच राहतील. थांब. जिन्याकडून कोणीतरी येतंय, पाय ओढत.

बाप आहे. घाटंजीच्या बाजारापलीकडं कधी न गेलेला माणूस. आत्यानं कळवलं असणार. खाली बसायच्या आधी, टोपीसुद्धा न काढता त्यानं विचारलं, "इथं आनाच्या आधी, पानी जाऊन किती येळ झालता?"

म्हणजे त्यालाही माहीत होतं. मी बाकावर सरकून त्याला जागा दिली. खरं सांगू? जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मला वाटलं, तू आलीस.