धुण्याच्या दगडाखालच्या रहिवाशांसह माझ्या घराची व्यवस्था

आज टपालाने आले ते असे: संग्रहालयाकडून छापील निबंधाच्या पाच प्रती, किंमत नाही, पण तिकिटे कमी लावल्यामुळे बॅरंग, दंडाचे चौदा रुपये मी भरले. वकिलांकडून मृत्युपत्राचा मसुदा, फी आधीच दिलेली. मसुद्यात त्यांनी बेडकांना "इतर जंगम" या सदरात घातले आहे. तो मी बाजूला ठेवला आणि स्वहस्ते लिहायला बसले.

मी, घड्याळजींची विधवा, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे, देवाला साक्षी ठेवून लिहिते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि मागे उभे राहून मला कोणी सांगत नाही. हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते सिद्ध करावे लागले. परगावी नोकरीला असलेल्या माझ्या एकुलत्या मुलाला मागचे अंगण फोडून भाड्याच्या दोन खोल्या काढायच्या आहेत. मी नाही म्हटले, तेव्हा त्याने समोरच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, "आई बेडकांशी बोलते. डोकं तपासता का जरा?" बाई आल्या. शंभरातून सात-सात वजा करा म्हणाल्या. मी दोनापर्यंत उतरले, आणि वाटेत त्या कुठे चुकल्या तेही दाखवले. बेडकांशी मी बोलत नाही. मी ऐकते.

कलम एक. यजमानांच्या हत्यारांची पेटी चौकातल्या घड्याळवाल्याला द्यावी. तो दोनदा मागून गेला, दोन्ही वेळा मी तोंडावर नाही म्हटले. आता हो. मात्र डोळ्याला लावायचे भिंग त्यातून काढून घ्यावे, ते सूनबाईचे.

या भिंगाची हकीकत अशी. यजमान गेल्यावर महिन्याभराने, दिवेलागणीला, मागच्या अंगणातून घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज येऊ लागला. चार वळसे, थांबा, चार वळसे. घरातल्या प्रत्येक घड्याळाला कान लावून पाहिला, सगळी बंद. आवाज धुण्याच्या दगडाखालून येत होता. भ्यायले नाही असे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी पहारीने दगडाची कड उचलली आणि भिंग लावले. सदऱ्याच्या बटणाहून जरा मोठा बेडूक, मातीच्या रंगाचा, गळा फुगवून किल्ली देत बसला होता. उडाला तेव्हा मांडीच्या आत हळदीसारखा पिवळा पट्टा दिसला.

कलम दोन. माझ्या सोळा वह्या संग्रहालयाला द्याव्यात. उजव्या पानावर दूध आणि किराणा आहे, तो वाचू नये. डाव्या पानावर बेडूक आहे: कधी बोलला, किती वळसे, दगड किती ओला. अंडी पाण्यात नव्हती, दगडाच्या पोटाला चिकटलेली होती, मोजून अकरा. नर त्यांच्यावर बसून होता. सत्ताविसाव्या दिवशी त्यांतून शेपटीवाले काही निघाले नाही. चार पायांचे, पुरते बेडूक निघाले, तांदळाच्या दाण्याएवढे. त्या दिवशी माझा जप दोनदा चुकला, तेही लिहिलेले आहे.

बाराव्या वहीत एकतीस दिवस अक्षर वेगळे आहे. माझे मनगट मोडले होते आणि सूनबाई येऊन राहिली होती. मी तिला काहीही सांगितले नव्हते. एकही डावे पान कोरे नाही.

कलम तीन. कॉलेजातल्या प्राध्यापक महाशयांना माझे मॅट्रिकचे शास्त्राचे पुस्तक द्यावे, बेडकाच्या धड्याचे पान दुमडून. मी ओल्या फडक्यात गुंडाळून एक बेडूक त्यांच्या टेबलावर नेला होता. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"साध्या बेडकाचं पिल्लू आहे, आजी. मोठं होईल."

"पिल्लू माद्यांना हाका मारतं का हो?"

"बेडकाच्या अंड्यातून काय निघतं? मॅट्रिकला शिकवलं असेल ना?"

"शिकवलं होतं. ते पुस्तक मी वाचलंय, यानं नाही वाचलेलं."

शिपाई हसला, महाशय हसले नाहीत. तो बेडूक मी परत आणला आणि अकरा महिने फूटपट्टी घेऊन पाहिला. केसभर वाढला नाही. महाशय मात्र माझ्या मुलाला म्हणाले, "वयामुळे होतं असं." हे मी विसरलेले नाही, क्षमाही केलेली नाही. देवाने करावी, त्याला वेळ आहे.

कलम चार. संग्रहालयाच्या बाईंना मी वह्यांची नक्कल पाठवली. त्यांचे पत्र आठ दिवसांत आले. हा आजवर कोणी न नोंदवलेला बेडूक दिसतो, पण नाव हवेत ठेवता येत नाही. एक देह कायमचा बाटलीत ठेवावा लागतो, म्हणजे पुढच्या माणसाला ताडून पाहता येते. मी कळवले की ज्या हाताने देवापुढे दिवा लावते त्या हाताने हे होणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला मी करू देणार नाही. आपल्या मरणाने मरेल तेव्हा पाठवीन. बाईंनी हट्ट केला नाही. दोन वर्षे वाट पाहिली.

मग एका सकाळी घाईत मी भरलेली बादली दगडाच्या कडेला टेकवली. उचलली तेव्हा खाली तो होता. मागचा डावा पाय मोडलेला, बाकी अख्खा.

मी बाईंना लिहिले होते, मेलेला सापडला. ते अर्धेच खरे होते. निबंधात छापून आले आहे, "डावा मागील पाय भग्न." कसा भग्न, ते इथे लिहून ठेवते: माझ्या बादलीने. जिच्या हट्टापायी दोन वर्षे काम अडले तिच्याच हातून तो गेला. पुढच्या छपाईत ही दुरुस्ती करावी. स्पिरिटमध्ये पिवळा पट्टा आठवड्यात पुसला जातो, म्हणून जिवंतपणीचा रंग बाईंनी माझ्या वहीवरून घेतला आहे आणि तसे छापलेही आहे. ज्या बाईचे रंगाबाबत खरे मानायचे तिचे बादलीबाबतही खरेच असले पाहिजे.

नावाला यजमानांचे नाव सुचवले होते, माझेही. मी दोन्ही नाकारली. तो आमचा नव्हता, आम्ही त्याच्या डोक्यावर धुणे धुवत होतो. शास्त्राच्या भाषेत त्याचे जे नाव ठेवले आहे त्याचा अर्थ होतो "धुण्याच्या दगडाचा".

कलम पाच. घर माझ्या वडिलांनी माझ्या नावे केलेले आहे. ते मुलाला मिळावे, पण अटीवर. निबंधात लिहिले आहे की हा बेडूक या एका अंगणाखेरीज कुठे आढळलेला नाही. म्हणून दगड हलवू नये. दगडावर रोज दोन बादल्या साधे पाणी ओतावे, साबणाचे पाणी वेगळ्या पन्हळीने काढावे. बँकेतल्या ठेवीचे व्याज पाण्याच्या बिलाला लावावे. बादली ठेवण्याआधी खाली पाहावे.

मुलगा मला म्हणाला, "बोटभर बेडकासाठी बारा फूट जागा अडवतेस तू?" अरे, तू ओंजळीत मावत होतास, तेव्हा तुझ्यासाठी अख्खे घर अडवले होते. कोणी मापे काढली नाहीत.

अट मान्य नसल्यास घर, अंगण आणि ठेव सूनबाईच्या एकटीच्या नावे व्हावी. तिला अट घातलेली नाही. तिचे अक्षर मी पाहिले आहे.

साक्षीदार: समोरच्या डॉक्टरीणबाई (वजाबाकी आता बरोबर येते), वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (त्यांना किल्लीचा आवाज खिडकीतून येतो, तक्रार नाही). दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.

सही: घड्याळजींच्या घरची.
ठिकाण: राहते घर, मागची पायरी.
दिनांक सात, बुधवार, धुणे आटोपल्यावर.

मुलास: ही नक्कल तुला रजिस्टरने पाठवते आहे, कारण मी गेल्यावर तू बेडकांशी भांडशील आणि ते काही उत्तर देणार नाहीत. भांडायचे तर आता माझ्याशी भांड. सोबत निबंधाची एक प्रत आहे, डोके तपासायचे असेल तर आधी ती प्रत तपासून घे. पत्ता घातलेले पाकीटही ठेवले आहे. मान्य की अमान्य, एका शब्दात, उलट टपाली कळव. तिकीट पुरेसे लावले आहे.