टाकीजवळच्या भिंतीवरचा कागद

शके १८६०, आश्विन शु. ९
शहापुरात दाजींच्या कारखान्यात खंडेनवमी. सूत उकळायची वाफेची टाकी गेल्या साली आमच्या फौंड्रीनं केली. पत्रा किती जाड, रिव्हेट किती, झाकणाला बोल्ट किती, सगळं मी ठरवलेलं. दाजींनी स्वतः तिला तांबडा तेलरंग दिला. वर झेंडूची माळ. मी हसलो तर म्हणाले, "मेव्हण्याची लेक हाय. नटवाय नको व्हय?" आक्कानं आग्रह करकरून वाढलं. लई दिवसांनी पोटभर जेवलो.

आ. शु. ११
टाकीचं झाकण उडालं. दाजी समोरच होते. तोंड, दोन्ही हात, डोळे. दवाखान्यात आहेत. लिहवत नाही

आ. शु. १३
आज टाकी पाहिली. पत्रा शाबूत, एक रिव्हेट हललेला नाही. बरं वाटलं. दाजी तिकडे भाजून पडलेत आणि मला रिव्हेटचं बरं वाटलं!
मग व्हॉल्व पाहिला. दाब दहा पौंडांवर गेला की आपोआप उचलून वाफ सोडायची, एवढंच त्याचं काम. रंगानं गच्च बसलेला. रंगाचे दोन हात, सांध्यात सुकलेले. छिन्नी मारावी लागली.
कारखान्याचे मालक शेजारीच. "म्हंजे चूक तुमच्या दाजींचीच. रंग त्येंनीच दिलाय. भरपाई कसली मागताय मग?"
मी मान डोलावली. का डोलावली?

आ. शु. १५
फौंड्रीच्या कचेरीत टाकीच्या सूचनांचा मूळ मसुदा काढला. इंग्रजीत स्वच्छ आहे: रंग द्यावा, व्हॉल्व वगळून. दाजींना इंग्रजी येत नाही म्हणून मीच मराठीत नक्कल करून दिली होती, टाकीजवळ भिंतीवर लावायला. तीत काय लिहिलं आठवत नाही.
खोटं. आठवतं.

आ. व. २
दवाखान्याच्या पायरीवर आक्का. कमरेच्या पिशवीतून घडी काढली. माझंच अक्षर. "दरसाल दसऱ्यापूर्वी टाकीच्या बाहेरील सर्व भागांस तेलरंगाचे दोन हात द्यावेत." व्हॉल्वचं नाव नाही. एवढं कुणालाही कळतं, असं वाटलं असणार मला. दाजी लिहिल्याबरहुकूम वागणारा माणूस. सर्व भाग म्हणजे सर्व भाग.
आक्का म्हणाली, "शुद्धीवर आल्याआल्या म्हणाले, भिंतीवरचा कागद काढून शंकरला दे, दुसऱ्या कुणाला दावू नको. मला कुठं वाचाय येतंय? काय हाय रं त्यात?"
"टाकीची मापं," मी म्हटलं.
"डाक्टर म्हणतोय, डोळं गेलं."
सूत नुसतं उजेडात धरून कालचं कोणतं, आजचं कोणतं सांगायचे दाजी. आता काय धरणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

आ. व. ४
चौकशीचे साहेब आज दवाखान्यात येऊन गेले. दाजींनी सांगितलं, "रंग माझ्याच मनानं दिला. कुणी सांगितलं न्हवतं." मालकांचा चेहरा खुलला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. दाजी माझ्याकडे बघू शकत नव्हते, तरी मी खाली बघितलं.
उद्या सकाळी कारखान्यात माझी जबानी. खरं बोललो तर नोकरी जाईल, कदाचित खटलाही. नाही बोललो तर
निघताना आक्का फाटकापर्यंत आली. "तू शिकलेला हाईस. साहेबाला त्येंच्या बाजूनं चार शब्द सांग बाबा."
कागद कोटाच्या आतल्या खिशात आहे. उद्या घालायला मला एकच कोट आहे.